घरातून सुटणारी गाठ : मुलींचा खतना आणि स्थलांतरित समाज

वैद्यकीय कारण काहीही नसताना स्त्रीच्या बाह्य जननांगाचा भाग कापणे, काढून टाकणे, शिवून अरुंद करणे किंवा टोचून-खरवडून त्याला इजा करणे, या सर्व कृतींना मिळून स्त्री-जननांग-छेदन म्हणतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचे चार प्रकार मानले आहेत. पहिल्या प्रकारात शिश्निका, म्हणजे स्त्रीच्या लैंगिक संवेदनेचे मुख्य इंद्रिय, अंशतः किंवा पूर्णतः कापली जाते, अथवा केवळ तिच्यावरील त्वचेचे आवरण काढले जाते. दुसऱ्या प्रकारात त्याबरोबर आतले भगोष्ठही कापले जातात. तिसऱ्या प्रकारात योनिद्वार जवळपास बंद केले जाते. आणि टोचणे, डागणे, खरवडणे अशा उरलेल्या सर्व इजा चौथ्या प्रकारात मोडतात. युनिसेफने २०२४ साली दिलेल्या अंदाजानुसार आज हयात असलेल्या २३ कोटींहून अधिक मुली व स्त्रियांवर यांपैकी काही ना काही झालेले आहे. त्यांतील १४ कोटींहून अधिक आफ्रिकेत आहेत आणि सुमारे ८ कोटी आशियात. तेव्हा ही दूर आफ्रिकेतली गोष्ट आहे, हा आपल्याकडचा समज या आकड्यांपुढे टिकत नाही.

महाराष्ट्राचा या विषयाशी थेट संबंध आहे. भारतात ही प्रथा प्रामुख्याने दाऊदी बोहरा समाजात, तसेच बोहरांच्या अन्य काही शाखांत आणि केरळमधील काही मुस्लिम कुटुंबांत आढळते, आणि दाऊदी बोहरा समाजाचे धार्मिक मुख्यालय मुंबईत आहे. भारतातील बहुसंख्य मुस्लिम समाजात ही रीत नाही आणि कुराणात तिचा उल्लेख नाही, हे आरंभीच नमूद करणे आवश्यक आहे. कारण या विषयावरची चर्चा एखाद्या धर्मावरचा आरोप बनली, की ज्या मुलींच्या रक्षणासाठी ती सुरू झाली त्यांच्या घरांची दारेच आधी बंद होतात.

रीत काय आहे

बोहरा समाजात या विधीला मुलांच्या सुंतेप्रमाणेच ‘खतना’ किंवा अरबी शब्दाने ‘खफ्ज’ म्हणतात, आणि तो बहुधा मुलगी सात वर्षांची झाली की केला जातो. ज्या स्त्रियांनी मोठेपणी आपल्या आठवणी जाहीरपणे सांगितल्या, त्यांच्या कथनांत काही तपशील पुन्हा पुन्हा येतात. आजी किंवा आई मुलीला खाऊचे, खरेदीचे किंवा सिनेमाचे आमिष दाखवून घराबाहेर काढते; एखाद्या जुन्या इमारतीतील खोलीत अनोळखी वयस्क बाई वाट पाहत असते; मुलीला आडवे करून तिचे हातपाय धरले जातात, ब्लेडने त्वचेचा तुकडा कापला जातो, आणि घरी परतताना हे कोणाला, विशेषतः वडिलांना व भावांना, सांगायचे नाही अशी ताकीद मिळते. कापलेल्या त्या भागाला काही घरांत ‘हराम नी बोटी’, म्हणजे पापाचा मांसतुकडा, असा शब्द आहे. मुलीची वासना काबूत राहावी, हा हेतू त्या एका शब्दात उघड होतो, जरी विधीचे समर्थक तो शुद्धतेचा व धार्मिक कर्तव्याचा भाग मानतात.

अलीकडे काही कुटुंबे सुईण-बाईऐवजी डॉक्टरकडे जाऊ लागली आहेत. याने जंतुसंसर्गाचा धोका काहीसा कमी होत असला तरी मूळ प्रश्न तसाच राहतो, म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने वैद्यकीय व्यावसायिकांनी ही कृती करण्यास स्पष्ट विरोध केला आहे. या विधीचा आरोग्याला कोणताही लाभ नाही. उलट तात्काळ वेदना, रक्तस्राव, लघवीचा त्रास आणि पुढे जखमेचा व्रण, शरीरसंबंधाच्या वेळचे दुखणे व संवेदना गमावणे हे त्याचे ज्ञात परिणाम आहेत. मनावरची जखम याहून वेगळ्या जातीची असते, कारण ज्या हाताने रोज वेणी घातली त्याच हाताने त्या दिवशी पाय धरलेले असतात, आणि सात वर्षांच्या मुलीला हे कोडे उलगडत नाही.

स्थलांतर आणि रिवाजाचा पीळ

दाऊदी बोहरा हा शिया इस्माइली परंपरेतील समाज. त्याच्या धर्मपीठाचे केंद्र सोळाव्या शतकात येमेनमधून गुजरातेत आले, आणि पुढे व्यापाराच्या निमित्ताने ही मंडळी मुंबईत, महाराष्ट्राच्या गावोगावच्या बाजारपेठांत, झांझिबार-मोंबासाच्या किनाऱ्यावर आणि अखेरीस ब्रिटन, अमेरिका, कॅनडा व ऑस्ट्रेलियात पोहोचली. गुजराती पायावर अरबी-फारसी शब्दांची घडण असलेली ‘लिसान-उद-दावत’ ही भाषा, एका मोठ्या थाळाभोवती बसून एकत्र जेवण्याची पद्धत, पुरुषांची टोपी आणि स्त्रियांचा रिदा हा पोशाख यांनी या विखुरलेल्या समाजाला एकत्र बांधून ठेवले आहे. परक्या मुलखात वस्ती करणारा प्रत्येक समाज आपल्या ओळखीच्या खुणा अधिक घट्ट धरतो. जी रीत मूळ गावी सैल झाली असती ती परगावी ‘आपलेपणाचा’ पुरावा बनते, आणि मग तिच्याविषयी प्रश्न विचारणे म्हणजे समाजावरच शंका घेणे, असे मानले जाते.

या घट्टपणामागे बहिष्काराचे भयही असते. बोहरा समाजात धर्मपीठाच्या बाहेर टाकले जाण्याला ‘बरात’ म्हणतात. तशा कुटुंबाशी नातलगांनी संबंध ठेवू नयेत, त्याला समाजाच्या मशिदीत व दफनभूमीत प्रवेश असू नये, असा त्याचा अर्थ होतो. मुंबई राज्याने १९४९ साली अशा बहिष्कृतीस बंदी करणारा कायदा केला होता, पण १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो धार्मिक स्वातंत्र्याच्या आधारे रद्द ठरवला. पुढे महाराष्ट्राने जातपंचायतींच्या जाचाविरुद्ध २०१६ साली सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा केला आणि तो २०१७ पासून अंमलात आहे. मुलीला खतन्यापासून वाचवू पाहणाऱ्या आईच्या मनात केवळ सासूचा धाक नसतो, मुलीच्या लग्नाची आणि स्वतःच्या अखेरच्या मातीची चिंताही असते, हे ध्यानात घेतल्यावर ‘त्या बायका गप्प का बसतात’ या प्रश्नाचे उत्तर आपोआप मिळते.

मौन कसे फुटले

मुंबईच्या मानसशास्त्रज्ञ रेहाना घडियाली यांनी १९९१ साली ‘मानुषी’ या नियतकालिकात या प्रथेवर लेख लिहिला, तेव्हा समाजाबाहेर ती जवळजवळ अज्ञात होती. २०११ साली एका बोहरा स्त्रीने ‘तस्लीम’ हे टोपणनाव घेऊन धर्मगुरूंना उद्देशून सह्यांची मोहीम चालवली. नाव लपवावे लागले यातच त्या काळची परिस्थिती दिसते. २०१२ साली प्रिया गोस्वामी यांनी ‘अ पिंच ऑफ स्किन’ हा माहितीपट केला, आणि २०१५ साली दोन संघटित प्रयत्न उभे राहिले : मासूमा रानालवी यांच्या पुढाकाराने ‘वी स्पीक आउट’, आणि पाच स्त्रियांनी मिळून सुरू केलेली ‘सहियो’, ज्या गुजराती शब्दाचा अर्थ मैत्रिणी असा आहे. यावेळी स्त्रिया आपल्या खऱ्या नावानिशी आणि चेहऱ्यानिशी बोलल्या.

‘सहियो’ने केलेल्या ३८५ बोहरा स्त्रियांच्या पाहणीत ८० टक्के स्त्रियांनी आपला खतना झाल्याचे सांगितले, आणि २०१८ च्या ‘वी स्पीक आउट’च्या अभ्यासात सहभागी कुटुंबांतील सात वर्षांवरील मुलींपैकी ७५ टक्के मुलींवर हा विधी झाल्याचे आढळले. हे नमुने लहान होते आणि बोलण्यास तयार असलेल्या स्त्रियांपुरते होते, त्यामुळे सबंध समाजाचे प्रमाण म्हणून ते वाचता येणार नाहीत. तथापि ज्या प्रथेविषयी केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयास अधिकृत आकडेवारी उपलब्ध नसल्याचे कळवले, तिच्याबाबत त्या समाजातील स्त्रियांच्या पुढाकाराने झालेली ही आरंभीची मोजदाद होती, आणि तिचे मोल त्या दृष्टीने मोठे आहे.

या कामाची एक पद्धत विशेष अभ्यासण्याजोगी आहे. बोहरा कुटुंबात जेवणासाठी जमिनीवर एक मोठा थाळ मांडतात, त्याभोवती साधारण आठ माणसे बसतात, चिमूटभर मीठ चाखून जेवणास आरंभ होतो आणि मग सर्वजण त्याच थाळातून खातात. ‘सहियो’ने २०१७ पासून ‘थाल पे चर्चा’ या नावाने बोहरा स्त्रियांच्या अशा बैठका मुंबईत सुरू केल्या, ज्यांत जेवताजेवता खतन्याविषयी बोलणे निघते. येथे व्यासपीठ नाही, भाषण नाही आणि बाहेरची पाहुणी नाही. विधीचे समर्थन करणारी स्त्री आणि विरोध करणारी स्त्री एकाच थाळातला घास घेतात, त्यामुळे मतभेद होऊनही नाते तुटत नाही. ज्या जेवणाने समाज स्वतःला एकत्र ठेवतो, त्याच जेवणाभोवती समाजाची एक रीत तपासली जाते, यातच या पद्धतीचे मर्म आहे.

कायदा काय करतो, काय करू शकत नाही

भारतात या प्रथेवर बंदी घालणारा स्वतंत्र कायदा नाही. दिल्लीच्या वकील सुनीता तिवारी यांनी २०१७ साली सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली; केंद्र सरकारने दुखापतीसंबंधीची फौजदारी कलमे आणि बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, म्हणजे पोक्सो, येथे लागू होतो अशी भूमिका घेतली; विधीचे समर्थन करणाऱ्या बोहरा स्त्रियांच्या संघटनेने तो निरुपद्रवी आणि धर्माचा आवश्यक भाग असल्याचे मांडले; सप्टेंबर २०१८ मध्ये प्रकरण पाच न्यायाधीशांच्या पीठाकडे गेले, आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये शबरीमला मंदिर-प्रवेशाच्या निकालाच्या फेरविचाराबरोबर हाही प्रश्न मोठ्या पीठापुढील धर्मस्वातंत्र्याच्या प्रश्नांत जोडला गेला.

परदेशांत मात्र कायद्याने बोहरा कुटुंबांना गाठले. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या न्यायालयाने २०१५ साली दोन मुलींच्या प्रकरणात आई, परिचारिका-सुईण आणि धर्मनेता अशा तिघांना दोषी ठरवले. अपिलात ते निर्दोष सुटले, परंतु २०१९ साली त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने किंचितशी चीर पाडणेही कायद्याच्या व्याख्येत बसते असा निर्णय दिला. २०१५ च्या त्या पहिल्या निकालानंतर २०१६ साली अनेक देशांतील बोहरा जमातींनी आपल्या सदस्यांना स्थानिक कायदा पाळून मुलींचा खतना न करण्याची लेखी सूचना दिली. यातून दोन गोष्टी सिद्ध होतात. कायद्याचा धाक असेल तेथे समाजाचे नेतृत्वही रीत बाजूला ठेवू शकते, म्हणजे तिच्याशिवाय धर्म चालतो. आणि जोवर भारतात स्पष्ट कायदा नाही तोवर परदेशस्थ कुटुंबांना सुटीत मुलीला मायदेशी आणून विधी उरकण्याची वाट मोकळी राहते.

पण केवळ कायदाही पुरत नाही, याचे उदाहरण ब्रिटनचे आहे. तेथे १९८५ सालीच प्रतिबंधक कायदा झाला आणि २००३ साली तो अधिक कडक झाला, तरी पहिली शिक्षा होण्यास २०१९ साल उजाडले. सोमालिया, सुदान, इथिओपियातून आलेल्या कुटुंबांत आईविरुद्ध मुलगी साक्ष देईल, ही अपेक्षाच अवास्तव होती. याउलट त्या समाजातील स्त्रियांना दुभाषी, आरोग्य-मार्गदर्शक आणि प्रशिक्षक म्हणून नेमणाऱ्या संस्था तेथे टिकून राहिल्या, ज्यांत घानामध्ये जन्मलेल्या एफुआ डोर्केनू यांनी १९८३ साली स्थापन केलेली ‘फॉरवर्ड’ अग्रणी आहे.

सेनेगल देशाने यातला आणखी एक दुवा दाखवला. ‘टोस्तान’ या संस्थेच्या आरोग्य व हक्कशिक्षणाच्या वर्गांतून मालिकूंदा बांबारा गावातील स्त्रियांनी १९९७ साली छेदन थांबवल्याची जाहीर घोषणा केली, पण शेजारच्या गावचे वयोवृद्ध इमाम देंबा दियावारा यांनी एक साधी अडचण पुढे ठेवली : ज्या गावांशी आपले सोयरेसंबंध आहेत त्यांनी ही प्रथा सोडली नाही, तर आपल्या मुलींना स्थळे कोठून मिळणार? म्हणून ते पायी गावोगाव फिरले, आणि १९९८ साली १३ गावांनी एकत्र येऊन प्रथा सोडली. ज्यांच्यात लग्ने होतात त्या सर्वांनी एकाच वेळी ठरवले तरच एकट्या कुटुंबाला किंमत मोजावी लागत नाही, हा धडा स्थलांतरित समाजांत तर अधिकच लागू पडतो, कारण त्यांचे सोयरेसंबंध अनेक शहरांत आणि देशांत पसरलेले असतात.

समाजाच्या आतून बदल घडण्याचा महाराष्ट्रातही एक जवळचा दाखला आहे. मूळच्या भटक्या आणि आता शहरांत स्थिरावलेल्या कंजारभाट समाजात नववधूच्या कौमार्याची चाचणी घेण्याची रीत होती; २०१७-१८ साली त्याच समाजातील तरुण-तरुणींनी तिच्याविरुद्ध उघड मोहीम उभारली, मार आणि बहिष्कार सोसला, आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये राज्य सरकारने अशी चाचणी लैंगिक अत्याचार मानण्याचे जाहीर केले. आधी आतला आवाज आणि मग त्याच्या पाठीशी उभे राहणारे शासन, हा क्रम येथेही दिसतो.

भंडाऱ्यासारख्या जिल्ह्याचे काम

माणसांची ये-जा असलेल्या कोणत्याही जिल्ह्यापुढे हा प्रश्न येऊ शकतो; उदाहरण म्हणून भंडारा घेऊ. भंडारा जिल्हा मुंबई-हावडा लोहमार्गावर आहे, आणि भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी व लाखांदूर या त्याच्या सात तालुक्यांत धानगिरण्या, वीटभट्ट्या आणि मॅंगनीजच्या खाणी यांच्या निमित्ताने बाहेरची माणसे येतात, तशी येथली माणसे रोवणी आटोपल्यावर कामासाठी बाहेरही जातात. या जिल्ह्यातील कोणत्याही समाजाकडे बोट दाखवण्याचा येथे हेतू नाही. प्रश्न एवढाच आहे, की दुरून आलेल्या कुटुंबातील मुलीला आपल्या शरीराविषयी कोणाशी तरी बोलावेसे वाटले, तर ऐकणारे माणूस गावात आहे काय. ते माणूस बहुधा आशाताई, अंगणवाडीताई, उपकेंद्रातील परिचारिका किंवा शाळेतील बाई असते, आणि त्यांच्यापैकी कोणालाही या विषयाचे नावसुद्धा प्रशिक्षणात ऐकायला मिळाले नसेल तर तो दोष त्यांचा नाही.

विचारण्याच्या रीतीवर बरेच अवलंबून असते. ‘तुमच्यात मुलींवर असले काही करतात काय?’ या प्रश्नात ‘तुमच्यात’ हा शब्दच भिंत बनतो, आणि उत्तर ठरलेले असते : नाही. त्याऐवजी बाळंतपणाच्या नोंदणीच्या वेळी प्रत्येक स्त्रीला, मग ती धान रोवणाऱ्या गावची असो वा बाजारपेठेतल्या दुकानाच्या माडीवरची, ‘लघवीला जळजळ होते काय, लहानपणी त्या जागी काही इजा झाली होती काय, तपासणीची भीती वाटते काय’ असे शांतपणे विचारले, तर सांगण्याचा मार्ग मोकळा राहतो आणि कोणीही वेगळे काढले जात नाही. सांगितलेले गुपित त्याच दिवशी गावात फिरले, तर तो मार्ग कायमचा बंद होतो.

येथे कर्मचाऱ्यांपुढे एक खरा पेच उभा राहतो. पोक्सो कायद्याने बालकावरील अपराधाची माहिती असणाऱ्याने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक केले आहे, आणि तक्रारीच्या भयाने कुटुंब दवाखान्याकडे पाठ फिरवील ही चिंताही खोटी नाही. म्हणून प्रसंगाचे दोन भाग वेगळे पाहावे लागतात. स्वतःच्या बालपणी घडलेले आज सांगणाऱ्या प्रौढ स्त्रीची पहिली गरज उपचार, गोपनीयता आणि धीर ही असते. पण एखाद्या मुलीवर हा प्रसंग येऊ घातला असल्याची खबर लागली, तर १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर कळवून बाल कल्याण समिती व जिल्हा बाल संरक्षण कक्ष यांच्यामार्फत त्या मुलीचे रक्षण करणे यात दिरंगाईला जागा नाही. आई-आजीला गुन्हेगार ठरवण्याची घाई न करता विधी टाळणे, हेच त्या क्षणाचे यश मानले पाहिजे.

याखेरीज तीन कामे कोणत्याही जिल्ह्यास आजच करता येतील. आशा व परिचारिकांच्या प्रशिक्षणात या विषयाचा अर्ध्या दिवसाचा पाठ घालावा; स्त्रीरोगतज्ज्ञ व बालरोगतज्ज्ञांच्या स्थानिक संघटनांनी आपले सदस्य हा विधी करणार नाहीत असा जाहीर ठराव करावा; आणि ज्या समाजांत ही रीत आहे त्यांतील स्त्रियांना बैठकीसाठी जागा, डॉक्टर आणि कायदेशीर सल्ला द्यावा, परंतु बोलणे त्यांनाच करू द्यावे. वडिलांना आणि भावांनाही यात सामील करणे गरजेचे आहे, कारण बऱ्याच घरांत पुरुषांना हे माहीतच नसते आणि माहीत झाल्यावर अनेकांनी मुलीच्या बाजूने शब्द टाकला आहे.

१८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याच्या वेळी महाराष्ट्रात मोठा वाद झाला. विवाहित वा अविवाहित मुलीच्या शरीरसंबंधाचे किमान वय दहावरून बारा करण्यास परकीय सरकारने धर्मात हात घालू नये म्हणून विरोध झाला, आणि आगरकरांसारख्यांनी त्या सुधारणेचा पुरस्कार केला. त्या वादाला सव्वाशेहून अधिक वर्षे झाली, आणि आज दहा वर्षांच्या त्या जुन्या मर्यादेचे समर्थन करणारा कोणी उरलेला नाही. लहान मुलीचे शरीर ही कोणत्याही जमातीची, जातीची वा धर्मपीठाची मालमत्ता नाही, हे तत्त्व महाराष्ट्राने मोठी किंमत देऊन एकदा स्वीकारले आहे. बोहरा स्त्रिया आज त्याच तत्त्वाची मागणी स्वतःच्या घरात, स्वतःच्या थाळाभोवती बसून करत आहेत. त्यांना एकटे न पाडणे आणि त्यांच्या समाजाला बदनाम न करणे, ही दोन्ही कर्तव्ये एकत्र पाळणे हे उरलेल्या मराठी समाजाचे काम आहे, आणि सात वर्षांच्या मुलीकडे त्यासाठी थांबायला वेळ नाही.